गुरुवारच्या बाई

शाळा खात्याच्या कचेरीची खिडकी चारला बंद व्हायची. चारला पंधरा मिनिटं कमी होती. लोइस ब्रूबेकर तान्ह्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. तिच्या कागदावरून खिडकीमागच्या कारकून हॉस्टेटरबाईंचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. सहा वर्षांची टर्झा टाचा उंचावून ते बोट बघत होती.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"ही काय खाडाखोड?"

"छापलंय 'शपथ वाहते'. ते खोडून मी वर 'खरं सांगते' लिहिलं," लोइस म्हणाली. "आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. आमच्या मंडळीत शपथ वाहत नाहीत. खरं बोलायचं तर नुसतं बोलायचं. मागच्या वर्षी तुम्हीच घेतला होतात असा."

"मागच्या वर्षी वरती कुणी वाचत नव्हतं. यंदाच्या साहेबांनी असले तीन कागद परत पाठवलेत." बाईंनी कोरा नमुना पुढे सरकवला. "हा घ्या. लिहा शपथ वाहते, माझ्यासमोर सही करा, मोकळ्या व्हा. देव काय चष्मा लावून वाचत बसणार आहे?"

लोइसने पेन हातात घेतलं. आज शेवटची तारीख होती. मुलांना घरी शिकवण्याचा हा कागद आज दाखल झाला नाही, तर महिनाभराने शाळेची पिवळी बस तिच्या अंगणाशी येऊन उभी राहणार होती, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरची तिची शाळा संपणार होती.

तिने पेन खाली ठेवलं.

"मला नाही लिहिता येणार. दुसरी काही वाट असली तर सांगा."

"शपथ न घेणाऱ्यांचा वेगळा नमुना असतो. म्हणजे, होता." हॉस्टेटरबाईंनी मागच्या लोखंडी कपाटाच्या अगदी तळच्या खणाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आता कोण शोधणार?"

टर्झा मघापासून काचेवरची नावाची पट्टी अक्षर अक्षर लावून वाचत होती.

"आई, ह्याच का आपल्या गुरुवारच्या बाई?"

लोइसच्या कानशिलापर्यंत लाली चढली. "टर्झा, गप्प राहा."

"बोलू द्या तिला. गुरुवारच्या म्हणजे काय गं?"

"न्याहारीच्या आधी आम्ही रोज एकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो," टर्झा म्हणाली. "सोमवारी रस्त्यावरचा बर्फ काढणारे अर्लकाका. मंगळवारी शेरीफ. बुधवारी गव्हर्नर. गुरुवारी तुम्ही. आज सकाळीच केली."

"शेरीफ, गव्हर्नर आणि मी. बरी संगत मिळाली. आणि काय मागता माझ्यासाठी?"

"तुमचा गुडघा बरा होऊ दे. मागच्या वर्षी तुम्ही लंगडत होतात ना. आणि तुमचं मन मऊ होऊ दे. ते आई मागते."

तान्हं आपली मूठ चोखत होतं.

"बाई, तसं नाही ते," लोइस म्हणाली.

"तसंच आहे."

"गुडघा झाला का बरा?" टर्झाने विचारलं.

"नाही."

"मग अजून करतो आम्ही."

हॉस्टेटरबाई कपाटाकडे वळल्या. मग त्यांनी टेबलाची कड धरली, एक पाय सरळ लांब केला आणि हळूहळू खाली बसल्या. खिडकीतून आता त्यांचे फक्त पांढरे केस दिसत होते. खण करकरत उघडला. कागदांचे गठ्ठे बाहेर पडू लागले. एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. लोइसने डोळे मिटून घेतले.

"सापडला."

उठायला त्यांना बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. "भरा पटापट," त्या धापा टाकत म्हणाल्या.

लोइसने भरला. घाईत अक्षर जरा तिरकं गेलं. चारला दोन मिनिटं कमी असताना शिक्का बसला.

"फार उपकार झाले, बाई."

"उपकार कसले? नमुना तुमच्यासाठीच होता. मीच वाकत नव्हते."

लोइस घुटमळली. "गाडीत मका आहे. सकाळीच तोडलाय. मघाशी आणला नाही, लाच वाटली असती."

"आणि आता?"

"आता शिक्का बसलाय."

बाई पहिल्यांदा हसल्या. टर्झा दाराशीच लावलेल्या गाडीकडे पळाली आणि सहा कणसं उराशी धरून परत आली. एकेक करून तिने ती खिडकीतून आत दिली. बाईंनी ती पेनसिल्व्हेनियाच्या नकाशाखाली ओळीने मांडली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शुक्रवारी कोण असतं?"

"टपालवाले लॅपबाबा होते," टर्झा म्हणाली. "ते मे महिन्यात देवाघरी गेले. आता शुक्रवार रिकामा आहे."

हॉस्टेटरबाईंनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. लिहून पुन्हा वाचलं. मग ती दोनदा दुमडून खिडकीतून पुढे केली. लोइसने उघडली. आत एकच नाव होतं. डेल.

"आडनाव?"

"माझंच. मुलगा आहे."

लोइसने चिठ्ठी शिक्का मारलेल्या कागदाच्या प्रतीच्या घडीत जपून ठेवली.

"शुक्रवार उद्याच आहे," टर्झा म्हणाली.

"माहीत आहे," हॉस्टेटरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काच ओढून घेतली.