बिल्ड कुणी मोडलं

बिल्ड पुन्हा मोडलं, सगळ्यांचा कोड जोडून प्रोग्रॅम बांधला जाईना, तेव्हा साहेब हॉलच्या मध्ये येऊन उभे राहिले. "कोडला शेवटचा हात कुणाचा लागला?"

"माझा," मास्तर म्हणाला.

साधी गोष्टही फळ्यावर लिहून समजावायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. पेशंटच्या खाटेशेजारी ठेवायच्या यंत्राचा कर्नल, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ही मंडळी तयार करत होती. यंत्र आजच डॉक्टरांना दाखवायचं होतं. आणि मास्तरला दुपारी वडिलांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं.

"मग निस्तरा आता. तोवर जागचं हलायचं नाही."

पलीकडच्या टेबलावर त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअरनं, ताईनं, एरर वाचला आणि तिला उमगलं. एरर मास्तरच्या फाइलचं नाव घेत होता, पण खोट तिथं नव्हती. काल एक बग शोधताना तिनं दोन डीबग पर्याय चालू केले होते. एक मेमरीवर पहारा ठेवणारा, दुसरा एकाच जागी एकदम घुसणारी कामं पकडणारा. एका म्यानात दोन तलवारी. दोन्ही चालू असले की कर्नल बांधलाच जात नाही. हे नव्या लोकांना तीच शिकवायची. वापरायचे होते तिच्या मशिनवर, घाईत गेले सगळ्यांच्या बिल्डमध्ये. त्या सेटिंग्जना तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे, त्यामुळे बघायलाही कुणी गेलं नाही.

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. मग तिनं साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक पर्याय गुपचूप बंद केला.

नेमका तेव्हाच मास्तरनं आपण लिहिलेल्या कोडचा मोठा तुकडा काढून टाकला होता. बिल्ड सरळ पार पडलं.

"सापडलं," तो उभा राहून म्हणाला. "माझंच चुकलं होतं. सॉरी, सगळ्यांचाच खोळंबा केला."

"डोळे उघडे ठेवून काम करावं माणसानं," साहेब म्हणाले.

थोड्या वेळानं तो जिन्यात फोनवर बोलताना तिला दिसला. "आई, टॅक्सी करून या तुम्ही. वर चढताना शेजारच्या काकांना हाक मार. नाही गं, मला काढलेलं सगळं नव्यानं लिहायचंय."

फोन बंद होईपर्यंत ती थांबली. मग खालच्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. तो चिडेल, निदान वडिलांना घरी न्यायचं राहिलं म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं,

"म्हणजे माझं लिहिलेलं बरोबर होतं?"

"होतं. तू घरी जा. तू काढलेलं मी परत जागेवर लावते."

त्यानं फोन खिशात टाकला, पण निघाला नाही.

"ताई, हेच जरा मोठ्यानं सांगाल? आत येऊन?"

ती हॉलमध्ये गेली. "ऐका जरा," म्हणाली, पण कुणी वर पाहिलं नाही. टेबल वाजवून तिनं पुन्हा म्हटलं, तेव्हा साहेबांनी मान वर केली. एकेकाच्या कानावरचे हेडफोन उतरले.

"बोला ताई," कोपऱ्यातून कुणीतरी हसत म्हणालं, "आता कुणाची चूक सापडली?"