एरंडीच्या बिया

बुधीच्या गायीला तांबडी लघवी होऊ लागल्याला तीन दिवस झाले होते. पुंडलिकने सायकलच्या कॅरिअरवरचं गोणपाट काढलं, गोठ्यात अंथरलं आणि त्यावर बसून गायीचा कान चाचपला. बुधीने आणलेली चटई कुडाला टेकूनच राहिली.

"डागतर, आमच्या चटईला काटं हायत का?"

पुंडलिक डॉक्टर नव्हता, सरकारी पशुकेंद्रातला पर्यवेक्षक होता. पाड्यावरच्या कुणाच्या चटईवर तो बसत नसे. रोज सकाळी केंद्राच्या गोठ्यात वळूशेजारच्या खुंटीवरून गोणपाट काढायचं, संध्याकाळी परत तिथेच टांगायचं, हा त्याचा नेम.

त्याने कानामागची गोचीड ओढून तळहातावर घेतली. रक्त पिऊन ती एरंडीच्या बीसारखी फुगली होती.

"हिच्यामुळे ताप येतो."

"गोचीड आमाला नवी नाय," बुधी म्हणाली. "मूत तांबडा होनं नवं हाय."

पाड्यावर पाच जनावरं गेली होती. रोग बाहेरून आला होता, एवढं पुंडलिकला कळत होतं. केंद्राचा वळू लांबच्या मुलखातून वॅगनीतून आला होता. पण तो कधी फाटकाबाहेर पडला नव्हता आणि पाड्यावरच्या गायी तिथे गेल्या नव्हत्या. पाड्यावरच्याच जिवल्याची चार जनावरं मात्र त्याच माळावर चरून ठणठणीत होती. जिवल्याच्या अंगणात सुकट वाळत असे. वास नको म्हणून पुंडलिक त्याची चौकशी कुंपणाबाहेरूनच करी.

राहिला भगवंत. तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर तो नगरकडून मजुरीला आला होता आणि पाड्यावर खोली घेऊन राहत होता. लेकीला दूध हवं म्हणून येताना गाय घेऊन आला होता.

पुंडलिकने त्याच्या गोठ्यात गोणपाट टाकलं. गायीच्या शेपटीखाली एक गोचीड सापडली.

"ही आत्ताची हाय, सायेब," भगवंत म्हणाला. "मागल्या खेपंला तुमीच बघितलं. एकबी नव्हती."

पुंडलिकने बघितलं होतं. वहीत तसं लिहिलं नव्हतं. आताही लिहिलं नाही. बाहेरून आलेली गाय हेच कारण, असं त्याने अहवालात नोंदवलं. गाय हलवायचा हुकूम आठ दिवसांत आला.

गाय गेली तर लेकीचं दूध जाणार होतं. भगवंतने खोलीही सोडली. निघताना तो प्रत्येक दारापुढे थांबला.

"माझ्या गायीनं तुमची जनावरं खाल्ली. चूक पदरात घ्या."

त्याच्या बायकोने, गोजराबाईने, पदर कपाळाखाली ओढून घेतला होता. लेक दोरी धरून चालत होती. पुंडलिक जिवल्याच्या कुंपणाशी उभा होता. भगवंतने त्यालाही हात जोडले.

त्यानंतर महिन्याने बुधीचा निरोप आला. तिची गाय केव्हाच मेली होती. आता कालवडीची लघवी तांबडी झाली होती.

पुंडलिक पोचला तेव्हा कालवड मान टाकून पडली होती. त्याने गोणपाट अंथरलं, बसला, कान पाहिले, तोंड पाहिलं.

"ही तर भगवंत गेल्यावर पडली," बुधी म्हणाली.

"हो."

"मंग त्याची गाय कशी?"

पुंडलिकला भगवंतचे जोडलेले हात आठवले. तो उठला, कुडाशी गेला आणि टेकवलेली चटई स्वतःच्या हाताने अंथरून तिच्यावर बसला.

"जिवल्याची जनावरं कशी आहेत?" त्याने विचारलं.

"बरी हायत की. त्याच्याकडं तुमी कवा बसता?"

ती त्याच्या गोणपाटाची घडी करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने ते तसंच उलटं उचललं आणि त्याच्यासमोर धरलं.

"डागतर, एरंडी पेरीत फिरता का?"

गोणपाटाच्या शिवणीत सात-आठ बिया अडकल्या होत्या. पुंडलिक बघत होता, तोवर त्यातली एक चालू लागली.