‘नाही’

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवताना, नवऱ्याने घाई केली. ‘सगळी डिस्क पुसायची?’ या प्रश्नाला त्याने ‘हो’ टाइप केलं. बायकोने आठ वर्षं खपून केलेला शब्दकोश त्याच डिस्कवर होता. दुसरी प्रत नव्हती.

स्क्रीनवर मात्र ‘नाही’ उमटलं. शब्दकोश शाबूत राहिला.

“हुश्श! तुझा वेंधळेपणा पावला म्हणायचा.”

“अगं, मी ‘हो’च दाबलं होतं.”

त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. कीबोर्डची वायर निघून जमिनीवर पडली होती.

“बघ, म्हणून वाचलो!” वायर उचलत तो म्हणाला. दोघंही पोटभर हसली.

स्क्रीनवर पुढचा प्रश्न आला: ‘वापरणाऱ्याचं नाव?’

वायर अजून त्याच्या हातातच होती. चार वाजून बारा मिनिटांनी नावाचं पहिलं अक्षर उमटलं.