वेस रस्त्यावरची तिरडी

छत्रीवाले पेंढारकर गेले, म्हणून शेजारच्या भांडीवाल्या रुकडीकरांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि ते पायरीवर उभे राहिले. वेस रस्त्यावरचा व्यापारी गेला की त्याची तिरडी जुन्या वेशीपासून नदीघाटापर्यंत याच रस्त्यानं जायची. टांग्यांच्या काळापासूनची ही रीत होती.

तिरडी कोपऱ्यावर येऊन थांबली. उड्डाणपूल झाला तेव्हा वेस रस्ता नकाशातून काढून टाकला होता, आणि लोकांच्या डोळ्यांत बसवलेली भिंगं नकाशात असेल तेवढंच जग दाखवायची; बाकीच्या जागी नुसती भिंत. रुकडीकरांनी भिंगं कधी बसवूनच घेतली नव्हती. ते पुढे झाले आणि पेंढारकरांच्या मुलाला म्हणाले, "निनाद, डोळे मीट. मी हाताला धरून नेतो."

निनादनं डोळे मिटले. एक पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला.

"मिटले तरी भिंतच दिसते, काका. भिंतीतून बाबांना कसं नेऊ?"

तिरडी पुलाकडे वळली. रुकडीकर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. त्यांना रडू आलं नाही, रागही आला नाही. परत येऊन त्यांनी शटर पूर्ण वर ढकललं.

भर दिवसा दुकान बंद दिसायला नको.