टोपीवरचा ठिपका

टक्.

बंदुकीचा घोडा पडला आणि खोलीत पुढे काहीच झालं नाही. ओट्यावर दूध तेवढं वर आलं. सुरुचीने धावत जाऊन गॅस बंद केला.

"हेही नाही," नाना म्हणाले. "नवंकोरं काडतूस, तरी नाही."

नाना म्हणजे तिचे सासरे. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर त्यांच्या वडिलांची, ग्वाल्हेरहून आलेली एकनळी बंदूक. काडतुसांतली दारू आणि छर्रे त्यांनी आधीच काढून टाकले होते. मागची पितळी टोपी तेवढी शाबूत होती. घोडा पडला की ती फट् वाजायला हवी. तीन काडतुसं झाली, एकही वाजलं नाही.

हीच बंदूक खांद्याला लावून तिचा नवरा मयूर अरेरा कॉलनीतल्या एका सोन्याच्या दुकानाबाहेर उभा राहायचा. गेल्या डिसेंबरात तिथे मोटरसायकलवरून दोघं लुटायला आले. मयूर जागीच गेला. त्याच्या बंदुकीतून बार निघालाच नव्हता. दुकानातले म्हणाले, "डर गया था जी, बुत बनके खड़ा रहा." हेमंत, त्याच गेटवरचा दुसरा गार्ड, त्या वेळी चहा आणायला गेला होता. तरी तोही तेच सांगत फिरला. मग एकदा गल्लीत कुणीतरी रेवतीला म्हणालं, तेरे पापा डरपोक. त्या दिवशी पोर जेवली नाही. सहा वर्षांची पोर.

परवा बंदूक ठाण्यातून सुटली. सोबत एका पाकिटात त्या दिवशीचं काडतूस होतं. पाकीट नानांनी अजून उघडलं नव्हतं.

"आधी बंदूक बघू," ते म्हणाले होते. "चुकलं कोण, एवढंच मला कळायला हवं. पोरगा की बंदूक."

रेवती दारात येऊन उभी राहिली. एक वेणी घातलेली, दुसरी सुटलेली.

"तिला लांब ठेव गं."

सुरुचीला हे सांगावं लागत नव्हतं. गेल्या वर्षी पितृपक्षात मयूर ड्यूटीवरून येऊन झोपला होता आणि रेवतीने कपाटामागून बंदूक ओढून काढली होती. दोन्ही अंगठे लावून घोडा मागे खेचला होता तिने. आत काडतूस होतं. सुरुची किंचाळली तेव्हा मयूर जागा झाला आणि हसला. "अगं, विसरलो काढायला. इतनी सी बात!" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

तिने रेवतीची दुसरी वेणी घातली, हातात दुधाचा पेला दिला आणि तिला उंबऱ्यावर बसवलं.

"आता स्प्रिंग," नाना म्हणाले. त्यांनी अंगठ्याने घोडा दाबून पाहिला. "ही तर दणकट आहे. मग पिन अडकत असणार. घोडा पिनेवर बसतो, पिन टोपीला टोचते. भोकात जुनं तेल साचलं की ती आळसावते, आपल्या मयूरसारखी."

दोघंही हसले.

नानांनी रॉकेलमध्ये चिंधी बुडवली. भोक साफ केलं, पुन्हा पिन बसवली.

टक्.

"छे!" त्यांनी कानशींची थैली उलगडली. "ही सगळ्यात बारीक कानस उलटी कुणी खोचली? कुकर नाहीतर मिक्सर दुरुस्त केला असशील तू."

"असेल," सुरुची म्हणाली.

"असू दे. बारा पोरं होती माझ्या हाताखाली, तुझ्यासारखा स्थिर हात एकाचा नव्हता. भिंग आण जरा."

भिंगाखाली त्यांनी न वाजलेली टोपी धरली. बराच वेळ बघत राहिले.

"ठिपका आहे. सुई टेकल्यासारखा. इथे खड्डा पडायला हवा होता."

मग त्यांनी ठाण्याचं पाकीट फाडलं. काडतूस दोनदा हातातून निसटलं. सुरुचीने ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

तसाच ठिपका.

"ओढला होता," नाना म्हणाले. "चाप ओढला होता गं माझ्या पोराने! उभा राहिला तो. पळाला नाही, घाबरला नाही." ते काडतूस त्यांनी कपाळाला लावलं आणि लहान मुलासारखे रडले. सुरुची दुधाचं फडकं हातात धरून उभी राहिली.

नाक पुसून त्यांनी पिन बाहेर काढली, नखाने टोक चाचपलं.

"आखूड झालीये. झिजली." त्यांचा आवाज खाली आला. "दर खंडेनवमीला मी सगळे भाग सुटे करायचो. हत्यारांची पूजा म्हणजे आधी हत्यारं बघायची, मग हळदकुंकू. आणि नेमकं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी. तुला म्हटलं, तूच पूस. तुला बिचारीला पिनेचं काय कळणार? मी बघायला हवं होतं. माझ्यामुळे गेला तो."

"तुमच्यामुळे नाही, नाना."

"माझ्यामुळेच."

"नाही हो." ती एवढंच म्हणाली.

"हेमंतला फोन लाव. ये म्हणावं आत्ताच्या आत्ता. त्याला भिंगातून दाखवतो. सगळ्या गल्लीला दाखवतो."

सुरुचीने फोन उचलला. हेमंतचं नाव समोर आलं, पण बोट तिथेच थांबलं.

नानांना रडताना पाहून रेवती केव्हाच आत आली होती. ती त्यांच्या मांडीवर बसली, फ्रॉकच्या टोकाने त्यांचे गाल पुसले. त्यांच्या तळहातावरची पिन चिमटीत उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"आई," ती म्हणाली, "पूजेच्या दिवशी तू बारक्या कानशीने हिलाच घासत होतीस ना? मग बाबांना सांगायला विसरलीस का?"