सगळ्यात वरची ओळ

रुग्णवाहिका केंद्रात सकाळपासून फोन तुटत होते. फोन ज्या राउटरवरून येत, तोच रडतखडत चालला होता आणि साहेब तो बसवणाऱ्या वयस्कर तंत्रज्ञाला फोनवर फैलावर घेत होते. शेजारी बसलेली केंद्राची इंजिनिअर राउटरवर चालणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे कामांची, यादी तपासत होती. सगळ्यात वरची प्रोसेस एकटीच निम्मी ताकद गिळत होती. सुरू करणाऱ्याच्या रकान्यात इंजिनिअरचं स्वतःचंच नाव! राउटरवर लक्ष ठेवायला काल लावलेली तपासणी बंदच करायची राहिली होती. तिने ती थांबवली. ओळ यादीतून गेली, फोन नीट लागू लागले. कुणाला काही कळणार नव्हतं. “तुमचं कंत्राटच रद्द करतो!” साहेब गरजले. ती उठली. “साहेब, चूक माझी आहे.” साहेबांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. “आधी तू बोल. मग मला दे, मलाही माफी मागायचीय.”