पेंट शॉपची ताटं

महाळुंग्याच्या एका कारखान्यात अंजलीनं कँटीनसाठी प्रोग्रॅम लिहिला. जावास्क्रिप्टची एक लायब्ररी वापरून तो सर्व्हरवरून कँटीनचा मेलबॉक्स उघडायचा, प्रत्येक खात्याचा मेल वाचायचा आणि कुठं किती ताटं पाठवायची याची यादी काढायचा. पहिल्याच आठवड्यात अन्न वाया जाणं थांबलं. अंजली खुशीत होती.

फक्त यादीत रोज पेंट शॉपची अकरा ताटं यायची, आणि पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचं खातं, तर तीन वर्षांपासून बंद होतं.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं मेलबॉक्स स्वतः उघडला. मेल खरोखरच आलेला होता. पाठवणाऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

ती कँटीन चालवणाऱ्या इंद्रायणीबाईंकडे गेली. "मावशी, पेंट शॉपला ताटं पाठवू नका. तिथं कुणी नाही."

"ठावं हाय मला," चपाती उलटत बाई म्हणाल्या. "आदी चिठ्ठी यायची, आता तुज्या मशिनीत येतंय. म्या दाराशी ठिवते. ताटं धुऊन ठिवल्याली असत्यात. समदं संपवत्यात, कदी नावं ठिवली न्हाईत."

बाईंच्या शांत बोलण्यानं अंजलीलाही बरं वाटलं. जागेवर येऊन तिनं ती ओळ यादीत तशीच राहू दिली. जेवणाच्या सुट्टीला अजून दोन तास होते.

तेवढ्यात पेंट शॉपचा मेल आला. "आज बारा जण होतो. अंजली मॅडम पोटभर जेवल्या."

तिला अजिबात भूक नव्हती. तोंडात आमटीची गोडसर चव होती, आणि नुकतेच धुतल्यासारखे तिचे हात ओले होते.